जादूची तलवार काय वांग्याच्या भावात?

मंगरूळपीरला सुट्टीत आम्ही भावंडं गच्चीवर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा आपापलं पात्र रंगवायचा खेळ खेळतो. यंदा डाव चालवायला मी. हौसेहौसेनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना जादूच्या वस्तू वाटल्या. तिसऱ्या दिवशी धाकटी म्हणते, "दादा, आणखी एक तलवार? टाक पिशवीत." मजाच गेली ना!

गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ चा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सोनं मोजून अशा वस्तू विकत घेणं नेहमीचंच झालं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं लगाम घातला: ज्या वस्तूशी आधी सूत जुळवावं लागतं, तशा एका पात्राकडे एका वेळी तीनच.

मला विचाराल तर खरा धडा महाभारतात आहे. कर्णानं कवचकुंडलं देऊन इंद्राची शक्ती मिळवली, तीही एकदाच चालणारी. अर्जुनासाठी जपली आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्ची पडली. द्रौपदीच्या थाळीचंही तेच. ती जेवली की त्या दिवसापुरती थाळी रिकामी.

दिवाळीत नवा डाव मांडतोय. सगळ्यांत मिळून एकच थाळी देणार. तुम्ही किती वस्तू देता? लिहा खाली.