कर्त्याचा ठावठिकाणा

इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' शिकविण्याची जी रीत आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तीत विद्यार्थ्याच्या हाती एक वाक्य द्यावयाचे, त्यातील कर्म उचलून अग्रभागी बसवावयाचे, काळास अनुरूप असे 'इज' किंवा 'वॉज' मध्ये घालून क्रियापदाचे तिसरे रूप जोडावयाचे आणि पदच्युत झालेल्या कर्त्यास 'बाय'च्या आश्रयाने वाक्याच्या शेवटी नेऊन उभे करावयाचे, एवढाच काय तो व्यवहार असतो. 'आय एट अ मँगो' याचे 'अ मँगो वॉज ईटन बाय मी' असे रूपांतर बिनचूक होते, गुणही पुरे मिळतात. परंतु हे दुसरे वाक्य कोणी इंग्रज मनुष्य आपण होऊन बोलावयाचा नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यास पुस्तकही सांगत नाही आणि मास्तरही सांगत नाहीत. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या व्याकरणाने या कवाईतीस आपल्याकडे चिरस्थायी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यातील रेनसाहेब हे हिंदुस्थानातील सरकारी शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ असून 1924 साली निघालेल्या 'बो जेस्ट' या साहसकथेचेही तेच लेखक होते. आपल्या कादंबरीत त्यांनी अशा तऱ्हेने आंबे खाववले नसावेत, असे मानावयास हरकत नाही.

प्रयोग, प्रयोजक क्रियापद आणि आत्मवाचक सर्वनाम ही तीन प्रकरणे पाठ्यपुस्तकांत एकमेकांपासून दूर पडलेली असतात, आणि त्यामुळे त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असा संशयही विद्यार्थ्यास येत नाही. वस्तुतः तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: क्रिया करणारा कोण, आणि त्यास वाक्यात कोठे बसवावयाचे? पहिल्या प्रकरणात तो पडद्याआड जातो, दुसऱ्यात त्याच्यामागे त्याला कामास लावणारा आणखी एक जण येऊन उभा राहतो, आणि तिसऱ्यात क्रियेचा भोक्ताही तोच असतो. हा धागा हाती नसताना केलेला सराव कितीही दांडगा असला तरी त्यातून रूपे तेवढी पाठ होतात. ती केव्हा वापरावयाची हे कळत नाही.

मराठी विद्यार्थ्याची येथे एक विशेष अडचण होते, आणि ती त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हे तर परिभाषेच्या घोटाळ्यामुळे होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून कर्तरी, कर्मणी आणि भावे ही त्रयी आपल्या पाठांत आहे, आणि मोरो केशव दामले यांनीही 1911 च्या आपल्या विस्तृत ग्रंथात प्रयोगविचाराचा पुष्कळ खल केला आहे. परंतु आपला 'प्रयोग' हा क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते यावर ठरतो, तर इंग्रजीचा 'व्हॉइस' वाक्याच्या अग्रस्थानी कोणास बसविले आहे यावर ठरतो. 'सीतेने पोळी खाल्ली' हा आपल्याकडे अस्सल कर्मणी प्रयोग, कारण 'खाल्ली' हे पोळीच्या तंत्राने चालते. पण त्याचे इंग्रजी 'सीता एट द पोळी' असे सरळ कर्तरीच होईल. 'रामाने रावणास मारले' हा भावे. इंग्रजीत तोही कर्तरीच. 'रावण रामाकडून मारला गेला' ही जी रचना शालेय व्याकरणांत नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी या नावाने येते, ती तेवढी इंग्रजी 'पॅसिव्ह'च्या जवळची. आणि तीही आपल्या तोंडात क्वचितच येते. तेव्हा 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' हे समीकरण पहिल्याच दिवशी फळ्यावरून पुसून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग इंग्रजीतील ती रचना मराठी मनुष्याने ओळखावी कशी? ज्यांत कर्त्याचा पत्ताच नाही अशी आपली रोजची वाक्ये त्यासाठी पाहावीत. 'माझी सायकल चोरीला गेली', 'त्यांची बदली झाली', 'दोघांना अटक करण्यात आली' या वाक्यांत चोर कोण, बदली कोणत्या अधिकाऱ्याने केली, अटक कोणी केली, याचा उच्चार नाही. एक तर ते ठाऊक नाही, किंवा ते इतके उघड आहे की सांगण्याची गरज नाही. हेच इंग्रजी 'पॅसिव्ह'चे खरे घर: 'माय बायसिकल हॅज बीन स्टोलन', 'ही वॉज ट्रान्सफर्ड', 'टू मेन वेअर अरेस्टेड'. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने पूर्वीच दाखवून दिले आहे की, प्रत्यक्ष लेखनात बहुसंख्य 'पॅसिव्ह' वाक्यांत 'बाय' मुळी नसतोच. जो विद्यार्थी 'बदली झाली' याचे 'हिज ट्रान्सफर बिकेम' करतो, त्यास 'झाली' हा शब्द नडतो. त्या 'झाली'च्या आड एक कर्ता दडून बसला आहे, हे त्यास कोणी दाखविलेले नसते. याच्या उलट, 'हॅपन', 'ऑकर', 'डाय' या अकर्मक क्रियापदांना दडविण्याजोगा कर्ताच नाही. म्हणून 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हे वाक्य कोणत्याही काळी आणि कोणत्याही कचेरीत चुकीचेच.

कर्ता दडविण्याची ही सोय सरकारदरबारास फार मानवते, हे सांगणे नलगे. 'कळविण्यात येते की' या आपल्या दफ्तरी मायन्याचा आणि इंग्रजी हुकुमांचा मसुदा एकाच साच्यातला असतो. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी 1876 मध्ये आणि रेगन यांनी 1987 मध्ये आपल्या कारकिर्दीतील चुकांची कबुली दिली ती 'चुका झाल्या' एवढ्याच बेताने. केल्या कोणी, ते त्या रचनेने पोटात घातले. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात 'पॅसिव्ह' शक्यतो टाळण्याचा दंडक घालून दिला खरा, पण त्याच निबंधात अशा वाक्यांची रेलचेल आहे. आणि यात ऑर्वेल यांचा दांभिकपणा पाहण्यापेक्षा त्या रचनेची अपरिहार्यता पाहणे अधिक न्याय्य होईल.

प्रयोजकाच्या प्रांतात मात्र मराठी विद्यार्थ्याने न्यूनगंड बाळगण्याचे मुळीच कारण नाही, कारण तेथे आपली भाषा इंग्रजीहून श्रीमंत आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, बसणे-बसवणे अशी जोडपी आपण विचार न करता वापरतो. इंग्रजीतही प्राचीन काळी ही सोय जिवंत होती. 'फॉल' आणि झाड पाडण्याचे 'फेल', 'सिट' आणि 'सेट', 'राइझ' आणि 'रेझ', 'ड्रिंक' आणि 'ड्रेंच' ही त्या मोडलेल्या घराण्याची वंशावळ होय. 'लाय' आणि 'ले' यांचा गोंधळ इंग्रजांच्या मुलांचाही होतो. मराठी मुलास 'एक पडणे, दुसरे आडवे ठेवणे' एवढे सांगितले की पुरते.

ही प्रत्ययाची वाट बुजल्यावर इंग्रजीने चार स्वतंत्र क्रियापदे कामाला लावली, आणि नवल असे की त्यांतील भेद मराठीत अगोदरपासून नांदत आहेत. 'करायला लावणे' यात सक्ती आहे, ते 'मेक'. 'करू देणे' यात मुभा आहे, ते 'लेट'. 'करवून घेणे' यात हुकमत किंवा मोबदला आहे, ते 'हॅव'. आणि मिनतवारी करून, मन वळवून, खटपटीने करवून घेतले तर 'गेट'. 'आय हॅड द क्लार्क टाइप द लेटर' असे साहेब म्हणेल. त्याच कारकुनाकडे काम अडलेल्या अर्जदारास 'आय गॉट द क्लार्क टु टाइप द लेटर' असेच म्हणावे लागेल. पहिल्यात 'टु' नाही, दुसऱ्यात आहे. 'मेक'लाही 'टु' चालत नाही, पण वाक्य 'पॅसिव्ह' झाले की तो निमूटपणे परत येतो: 'दे मेड हिम वेट', परंतु 'ही वॉज मेड टु वेट'.

खरा घात होतो तो 'हॅव'पाशी. 'आय हॅड माय शर्ट स्टिच्ड' म्हणजे शर्ट शिंप्याकडून शिवून घेतला. 'आय हॅड स्टिच्ड माय शर्ट' म्हणजे सुईदोरा घेऊन मीच शिवला होता. शब्द तेच, एकाची जागा तेवढी हलली, आणि शिंपी वाक्यातून नाहीसा झाला! आपण मराठीत 'मी केस कापले', 'मी घर बांधले' असे बेलाशक म्हणतो, न्हावी आणि गवंडी ऐकणाऱ्याने गृहीत धरावयाचे असतात. तीच सवय इंग्रजीत नेली आणि 'आय कट माय हेअर' म्हटले की ऐकणाऱ्यास कात्री तुमच्याच हाती दिसते. (घराच्या बाबतीत मात्र इंग्रजीही सैल आहे; शहाजहानने ताजमहाल 'बिल्ट' केला असे तेही खुशाल म्हणतात.) शिवाय हा 'हॅव' नेहमी धन्याचाच असतो असे नाही. 'ही हॅड हिज पॉकेट पिक्ड' या वाक्यात कोणी पैसे देऊन आपला खिसा कापवून घेतलेला नाही; रचना तीच, पण येथे ती हुकमतीऐवजी दुर्दैव सांगते. सराव करावयाचा तर धोबी, शिंपी, न्हावी, चांभार आणि घड्याळजी यांच्याकडील आठवड्याच्या कामांची यादी याच रचनेत लिहून काढावी. शंभर आंबे 'बाय मी' खाण्यापेक्षा ते अधिक फलदायी होईल.

आत्मवाचक सर्वनामांविषयी थोडक्यात सांगता येईल. मुलाखतीत 'मायसेल्फ अमुक तमुक' असे म्हणून आपली ओळख करून देण्याची जी चाल पडली आहे ती टाकावी. तेथे कर्त्याने स्वतःवर कोणतीही क्रिया केलेली नसते, साधे 'आय ॲम' पुरेसे आहे. स्नान करणे, दाढी करणे, कपडे घालणे यांना इंग्रजीत 'सेल्फ' सहसा लागत नाही. 'एन्जॉय'ला मात्र कर्म हवेच, आणि दुसरे नसेल तर 'मायसेल्फ' घालावे लागते. 'देमसेल्व्ज' आणि 'ईच अदर' यांतील अंतर 'स्वतःकडे' आणि 'एकमेकांकडे' यांत जितके आहे तितकेच आहे. एका ठिकाणी मात्र इंग्रजी उघडी पडते. 'रामाने गोविंदाला आपल्या घरी नेले' यात संदर्भ निराळा नसेल तर घर रामाचे, 'त्याच्या घरी नेले' यात ते रामाचे नव्हे. पण 'राम टुक गोविंद टु हिज हाउस' या वाक्यात घराची मालकी कोणाची याचा निवाडा 'हिज'ला करता येत नाही, आणि 'हिमसेल्फ'ला षष्ठी नसल्यामुळे त्याचाही उपयोग नाही. अशा वेळी विद्यार्थ्याने खुशाल नाव पुन्हा लिहावे. इंग्रज वकीलही आपल्या दस्तऐवजांत सर्वनामाच्या भरवशावर न राहता 'द सेड गोविंद' असेच लिहितात.