ठासणीच्या बंदुकीचा शनिवार

सकाळी 6. चहा उकळतोय तोवर काल घेतलेली बंदूक तळघरातल्या बाकावर आडवी केली. नाइट एमके-85, 50 कॅलिबर. विकणाऱ्याने ‘रिकामीच आहे’ असं दोनदा सांगितलं होतं. तरी मी आधी टोपी बसवायच्या निपलवर काही नाही ना ते पाहिलं आणि नळीत गज टाकला. तोंडाशी खूण केली, गज काढून नळीला बाहेरून लावला. बुडाच्या तीन इंच अलीकडेच तो थांबत होता. बंदूक भरलेली होती. किती वर्षं, देव जाणे.

6.30. तोंड भिंतीकडे. निपल काढून त्या भोकातून तेल सोडलं. आतली दारू भिजू दे, बुडाच्या बुचाचे आटेही सुटू देत. आता घाई करायची नाही.

आमच्या सावंतवाडीकडे रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक असे. आजोबांकडे होती. तिचा घोडा बाजूला. टोपी उडाली की ठिणगी वळण घेऊन दारूपर्यंत जायची आणि दमट हवेत वाटेतच विझायची. मिसूरीतल्या वर्थ गावचे बंदूक-कारागीर टोनी नाइट यांनी 1985 साली टोपी नळीच्या रेषेतच, दारूच्या थेट मागे आणली. नाव दिलं एमके-85: मुलगी मिशेल नाइट आणि ते वर्ष. रेषेतली ही रचना त्याआधीही झाली होती, पण शिकाऱ्यांच्या हाती ती रुजवली नाइटनीच. पुढे कारखाना इथे आयोवात, सेंटरव्हिलला आला. म्हणून मी याच बंदुका जमवतो. माझ्या लेखी आजोबांच्या बंदुकीची ही धाकटी बहीण आहे.

8. बूच फिरलं! तेलात मळलेली काळी दारू बाहेर आली, मग मागून गज घालून गोळी पुढे ढकलली. बाजूच्या घोड्याच्या जुन्या बंदुकीत बूच असं सुटत नाही, गोळी तोंडाकडूनच ओढावी लागते. नळीत उजेड धरून पाहिलं. बुडाशी थोडा गंज, पण गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे धारदार. 28 इंचांत एक वेढा.

10.30. गावाबाहेरचं नेमबाजीचं मैदान. नळी आणि निपल कोरडी पुसली, नुसत्या दोन टोप्या उडवून राहिलेलं तेल जाळलं. मग पायरोडेक्स, 90 ग्रेनच्या खुणेपर्यंत. ही खूण काळ्या दारूच्या आकारमानाची. पायरोडेक्स हलकी असते, म्हणून ती काट्यावर तोलायची नाही, मापानेच घ्यायची. आणि साधी बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही नाही, नळी फुटते. प्लॅस्टिकच्या कवचातली 45 कॅलिबरची गोळी वर ठेवून गजाने दारूला टेकेपर्यंत सारली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. भरलेल्या मापाची खूण गजावर केली. टोपी शेवटी, निशाण्याकडे तोंड केल्यावरच.

आवाज खणखणीत नाही, घुमणारा. पांढरा धूर, गंधकाचा वास. प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसायची. राख साचली तर पुढची गोळी खाली जात नाही. 100 यार्डांवर तिसऱ्या बारापासून गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ आल्या. इतकी वर्षं भरलेली पडून राहिलेली नळी अजून असं नेम धरते, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

दुपारी 2. घरी. जेवणाआधी सफाई, यात सूट नाही. ही राख हवेतलं पाणी ओढते. एका रात्रीत लोखंड खाऊ लागते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बुडाकडून ब्रश, पाणी नितळ येईस्तोवर. मग कोरडी चिंधी, तेलाचा हात. बुचाच्या आट्यांना ग्रीस. मागे टपालाने मागवलेल्या एका बंदुकीचं बूच गंजून असं अडकलं होतं की ते शेवटी नळीसकट टाकावं लागलं. ग्रीसचं एक बोट लावलं असतं तर ती वाचली असती.

रात्री 9. वहीत माप, गोळी, हवा, बशीची नोंद. सेंटरव्हिलचा तो कारखाना 2009 मध्ये बंद पडला. आता नाइटच्या बंदुका टेनेसीत बनतात. जुन्यांचे सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून डब्यातले दोन निपल पुन्हा मोजून ठेवले.

जुनी ठासणीची बंदूक कुठेही हाती आली, आयोवात किंवा कोकणातल्या माळ्यावर, तर चाप ओढून पाहू नका. आधी गज टाका.