बामियानचे रिकामे कोनाडे

अफगाणिस्तानात हिंदुकुश पर्वताच्या रांगांमध्ये बामियानचे खोरे आहे. चीन, भारत आणि पश्चिम आशिया यांना जोडणारे व्यापारी तांडे एके काळी या खोऱ्यातून जात. येथील उभ्या कड्यात बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती होत्या. थोरली सुमारे ५५ मीटर उंच, म्हणजे साधारण अठरा मजली इमारतीएवढी, आणि धाकटी ३८ मीटर. मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून त्या उडवल्या. आता तेथे दोन रिकामे कोनाडे आणि दगडांचे तुकडे उरले आहेत.

या मूर्ती पुन्हा उभ्या कराव्यात का? ‘अर्थातच कराव्यात’ असे आपण चटकन म्हणून जातो. पण या प्रश्नावर अनेक देशांतील शास्त्रज्ञ, संवर्धक आणि कलावंत वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. तो वाद समजण्यासाठी आधी मूर्ती कशा घडवल्या होत्या ते पाहू.

भुशाने सांगितलेले वय

बामियानचा कडा पिंडाश्माचा आहे. पिंडाश्म म्हणजे गोटे, वाळू आणि चिकणमाती एकत्र दबून झालेला खडक. त्यात शरीराचा ढोबळ आकार कोरता येतो, पण वस्त्राच्या नाजूक चुण्या कोरता येत नाहीत. म्हणून कारागिरांनी खडकावर मातीचा गिलावा चढवून त्यात चुण्या घडवल्या आणि वर रंग दिला. माती वाळताना आकसते आणि तडकते. तसे होऊ नये म्हणून तिच्यात भुसा व इतर तंतू कालवलेले होते. आपल्याकडे मातीच्या भिंतीला गिलावा करताना हीच युक्ती वापरतात. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या गिलाव्यातही भुसा व वनस्पतींचे तंतू आहेत.

या भुशाचा पुढे अनपेक्षित उपयोग झाला. खडकाचे वय काढून मूर्तीचे वय कळत नाही, कारण खडक मूर्तीच्या कितीतरी आधीचा. पण भुसा ज्या पिकाचा, ते पीक गिलावा करण्याच्या थोडेच आधी कापलेले असणार. कापल्यानंतर वनस्पती हवेतून नवा कार्बन घेत नाही आणि तिच्यातील किरणोत्सारी कार्बन ठरावीक वेगाने कमी होत जातो. तो मोजल्यावर धाकटी मूर्ती इ.स. ५४४ ते ५९५ च्या दरम्यानची आणि थोरली ५९१ ते ६४४ च्या दरम्यानची ठरली. मूर्ती फुटल्यावर मिळालेल्या तुकड्यांमुळे हे मापन शक्य झाले.

वाळणारे तेल

मूर्तींच्या आसपासच्या गुहांत भित्तिचित्रे आहेत. जपानी संशोधकांनी त्यांतील रंगांचे सूक्ष्म नमुने घेतले आणि फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांनी ते तपासले. २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. तपासलेल्या ५० गुहांपैकी १२ गुहांतील रंगांत वाळणारे तेल होते, बहुधा अक्रोडाचे किंवा खसखशीचे. ही चित्रे सातव्या शतकाच्या सुमाराची आहेत. युरोपात तैलरंगाचे तंत्र पंधराव्या शतकात भरभराटीला आले, म्हणजे बामियानची चित्रे त्याच्या कितीतरी आधीची.

तेल ‘वाळते’ म्हणजे काय होते? पाण्यासारखे ते उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि एक चिवट पापुद्रा तयार होतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. काचेच्या तीन तुकड्यांवर जवसाचे, शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे तेल अगदी पातळ पसरा आणि धूळ बसणार नाही असे दोन आठवडे हवेत ठेवा. जवसाचे तेल आधी चिकट होईल आणि मग पापुद्रा धरेल. बाकीची दोन तशी वाळणार नाहीत. थंडीत खोबरेल गोठते, पण ते वाळणे नव्हे. काच किंचित तापवली की ते पुन्हा पातळ होते. जवसाचा पापुद्रा मात्र वितळत नाही.

जुने किती, नवे किती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी अफगाण सहकाऱ्यांसह १९६९ ते १९७७ या काळात या मूर्तींची दुरुस्ती केली होती. तेव्हा मूर्ती उभ्या होत्या, म्हणून आहे ते टिकवणे एवढेच काम होते. २००१ नंतर प्रश्न बदलला. २००३ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याचा जागतिक वारशाच्या यादीत आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीतही समावेश केला. जर्मन, जपानी आणि इटालियन तज्ज्ञांनी अफगाण कामगारांसह कोनाड्यांचे कडे पक्के केले आणि तुकडे गोळा करून त्यांच्या नोंदी केल्या.

१९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार पडलेल्या वास्तूचे मूळ तुकडे मूळ जागी बसवायला हरकत नाही; जोडण्यासाठी वापरलेली नवी सामग्री मात्र ओळखू आली पाहिजे. यात अडचण अशी की मूर्तीचा बराचसा बाह्य भाग गिलाव्याचा होता आणि तो चुरा होऊन गेला. मूळ भाग थोडा आणि नवा फार, अशी मूर्ती उभी केली तर तिला सहाव्या शतकाची म्हणायचे की एकविसाव्या? २०१३ मध्ये धाकट्या मूर्तीच्या पायांच्या जागी खांब उभारले गेले. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहेत, असे काम करणाऱ्यांचे म्हणणे होते. पण ही पुनर्बांधणीची सुरुवात ठरते, असा आक्षेप युनेस्कोकडून आला आणि काम थांबले.

मात्र ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने बांधतात. अलीकडे ते २०१३ मध्ये बांधले गेले. तेथे लाकडापेक्षा बांधण्याची विद्या जपली जाते. आपल्याकडील देवळांच्या जीर्णोद्धारामागेही असाच काहीसा विचार आहे. अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात ठरवावा, असे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले.

कलावंतांनी आणखी वेगळ्या वाटा शोधल्या. २०१५ मध्ये एका चिनी दांपत्याने थोरल्या कोनाड्यात प्रकाशाने मूर्तीची प्रतिमा उभी केली. दिवे मालवले की कोनाडा पुन्हा रिकामा. खडकाला धक्काही लागला नाही. २०१२ मध्ये अमेरिकन कलावंत मायकल राकोविट्झ यांनी जर्मनीतील कासेल येथे बामियानच्या दगडातून कोरलेली पुस्तके मांडली. जेथे ती मांडली, त्याच इमारतीतील ग्रंथसंग्रह १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळाला होता. याच प्रकल्पात बामियानमध्ये तरुणांसाठी दगड कोरण्याचे शिबिरही घेण्यात आले. नष्ट झालेली वस्तू त्यामुळे परत आली नाही, पण ती घडवणारे कसब मूळ जागी पुन्हा शिकवले गेले.

आम्हांला वाटते की कोणताही निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो उद्या बदलता येईल का? प्रकाश मालवता येतो, काँक्रीट सहज काढता येत नाही. दुसरी, त्या खोऱ्यात राहणाऱ्यांना काय हवे आहे? बामियानमधील अनेकांना निदान एक मूर्ती पुन्हा उभी राहावी असे वाटत आले आहे, तर रिकामा कोनाडा हाच त्या विध्वंसाचा पुरावा आहे, तो तसाच राहू द्यावा, असे काहींचे मत आहे.

हा प्रश्न वरच्या वर्गांतील मुलांपुढे जरूर मांडावा. त्यासाठी बामियानपर्यंत जायलाही नको. गावातले पडके देऊळ, ढासळलेला बुरूज किंवा जुना वाडा पाहायला त्यांना घेऊन जावे. त्यातले मूळचे काय, नंतर बांधलेले काय आणि आता काय करावे, हे त्यांना लिहून काढू द्यावे. उत्तरे एकसारखी येणार नाहीत. प्रत्येकाने आपल्या उत्तरामागचे कारण मात्र सांगितले पाहिजे.