वरचा दोष, खालची रांग

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. यातल्या बहुतेक बँका सहकारी किंवा प्रादेशिक ग्रामीण होत्या. खात्यातले पैसे खात्यातच होते, पण हलत नव्हते. या बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडून घेतलं. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी, म्हणजे घराणं भक्कम. तरीही हे घडलं.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर थेट सी-एजमध्ये शिरले नव्हते. सी-एजशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीचा ‘जेन्किन्स’ सर्व्हर नीट बंदिस्त केलेला नव्हता, तिथून ते आत आले. प्रोग्रामरांनी लिहिलेला कोड जोडून, तपासून सर्व्हरवर चढवण्याचं काम जेन्किन्स आपोआप करतं. हल्लेखोरांनी वापरलेल्या जेन्किन्समधल्या दोषाचं मूळ आणखी मागे होतं. आज्ञेतले शब्द सुटे करून वाचण्यासाठी जेन्किन्स ‘आर्ग्स-फोर-जे’ नावाचा छोटा तयार कोड वापरतं. त्यात एक सोय होती: शब्दाच्या सुरुवातीला ‘ॲट’चं चिन्ह दिसलं, की त्यापुढच्या नावाची फाइल उघडायची आणि तिचा मजकूर त्या जागी आणून ठेवायचा. स्वतःच्या संगणकावर काम करणाऱ्याला ही सोय उपयोगाची. पण इंटरनेटवरून आज्ञा पाठवणाऱ्या परक्यालाही ती मिळाली, आणि सर्व्हरवरच्या फाइली वाचायची वाट मोकळी झाली. जेन्किन्सच्या मंडळींनी २४ जानेवारी २०२४ ला दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. हल्ला झाला जुलैअखेरीस. मधले ते सहा महिने मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतात.

दोष वर आणि त्रास खाली, ही रचना शिरूर-दौंडच्या नदीकाठच्या गावांना नवी नाही. पुण्याचं सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसच्या परिसरात भीमेला मिळते. पाणी बिघडवणारे वर राहतात आणि जलपर्णी खालच्या गावांच्या वाट्याला येते. सॉफ्टवेअरमध्येही दोष असाच वरून येतो. बँकेचं ॲप एका तयार कोडवर उभं असतं, तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. उगमाकडचा एखादा तुकडा कुठल्या तरी देशातले एक-दोन स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळत असतात. बँकेच्या प्रोग्रामरने त्यातली निम्मी नावंही ऐकलेली नसतात.

जेन्किन्समधला दोष चोरवाटेचा होता. दोषांची दुसरी जात अशी, की तिथे आत शिरावंच लागत नाही. बाहेरून अगदी थोड्या श्रमात सर्व्हरला भरमसाट कामाला लावलं, की सेवा आपोआप ठप्प होते. १० ऑक्टोबर २०२३ रोजी गुगल, क्लाउडफ्लेअर आणि ॲमेझॉन यांनी मिळून असाच एक दोष जाहीर केला. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी-२ नियमांनी बोलतात, त्यांत एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकदम पाठवता येतात आणि पाठवलेली मागणी रद्दही करता येते. एका वेळी किती मागण्या उघड्या ठेवायच्या यावर मर्यादा असते, पण रद्द केलेली मागणी त्या मोजणीतून लगेच वजा होते. हल्लेखोरांनी मागणी पाठवायची आणि त्याच क्षणी रद्द करायची, असा सपाटा लावला. त्यांना मर्यादा कधी आडवी आलीच नाही. सर्व्हर मात्र प्रत्येक मागणीसाठी राबत राहिला. गुगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या आदळल्या. क्लाउडफ्लेअरने पाहिलेल्या हल्ल्यामागे सुमारे वीस हजारच यंत्रं होती.

नियमांची आखणीच अशी असल्यामुळे ते पाळणारा जवळपास प्रत्येक सर्व्हर अडचणीत आला. गो या प्रोग्रामिंग भाषेतल्या एचटीटीपी-२ कोडला त्याच दिवशी दुरुस्ती मिळाली. पण त्यावर उभ्या असलेल्या कुबरनेटीजसारख्या पायाभूत सॉफ्टवेअरला ती दुरुस्ती आत घेऊन नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. त्या आवृत्त्या चढवणं हे पुन्हा प्रत्येक वापरणाऱ्याचं काम. दुरुस्ती अशी पायरीपायरीने खाली येते, आणि जिथे कोणी ती उतरवून घेत नाही तिथेच अडकते.

आता ही साखळी गावच्या सोसायटीपर्यंत पोचते आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी, सॉफ्टवेअर सर्वांना सामाईक. मला ही योजना हवीच आहे. सचिवाच्या हातातल्या वहीपेक्षा सभासदाला स्वतःचं कर्जखातं पडद्यावर दिसणं केव्हाही चांगलं. पण सामाईक सॉफ्टवेअरमधली चूकही सामाईक असते. पीककर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात ते अडलं, तर शिरूरच्या न्हावऱ्यातली रांग आणि दौंडच्या पाटसमधली रांग एकाच वेळी थांबेल. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते. तो भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. दोष कोणत्या देशातल्या कोडमध्ये होता याने त्याला काही फरक पडत नाही.

उपाय माहीत आहेत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकयादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या पाकिटावर घटक छापतात तशी ही यादी: आत कुणाचा कोणता कोड आहे आणि त्याची आवृत्ती कोणती. यादी हाताशी असेल, तर नवा दोष जाहीर झाल्यावर ‘आपल्याकडे तो आहे का’ याचं उत्तर काही तासांत मिळतं. नसेल, तर शोधाशोधीतच आठवडे जातात. आणि तेवढ्यात हल्लेखोर थांबून राहत नाहीत.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. लाभांश आणि थकबाकी यांवर तिथे तास तास चर्चा होते. यंदा सभासदांनी संचालकांकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने दिलेली घटकयादी, दुरुस्ती निघाल्यापासून किती दिवसांत ती बसवणार याचं करारातलं कलम, आणि सर्व्हर बंद असलेल्या दिवशी आलेला भरणा त्याच तारखेला जमा धरण्याचा ठराव. तिसऱ्या मागणीसाठी कुठल्याही तंत्रज्ञाची गरज नाही. सभेत हात वर झाले की पुरे.