नोकरी मिळाली, पुढे काय? राजधानी परिक्षेत्रातील कार्यस्थळे आणि समान संधीचा कायदा

नवी दिल्ली : नोएडा मेट्रोच्या सेक्टर 50 स्थानकाला 27 ऑक्टोबर 2020 रोजी ‘प्राइड स्थानक’ असे नाव देण्यात आले आणि तिकीट खिडकीसह स्थानकातील कामांवर सहा तृतीयपंथी कर्मचारी रुजू झाले. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष यांव्यतिरिक्त ‘इतर’ या रकान्यात देशभरातून 4 लाख 87 हजार 803 जणांची नोंद झाली होती. त्या तुलनेत सहा ही संख्या नगण्य. तरीही रोज हजारो प्रवाशांसमोर गणवेशात उभे राहण्याची संधी या समाजाला क्वचितच मिळत असल्याने या प्रयोगाकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

मात्र नियुक्तिपत्र दिल्याने मालकाचे कर्तव्य संपत नाही, हा धडा कोची मेट्रोने तीन वर्षे आधीच दिला होता. तेथे 2017 मध्ये 23 तृतीयपंथीयांना काम देण्यात आले. परंतु शहरात कोणी भाड्याने घर देईना, लॉजचे भाडे पगारातून भागेना, आणि काहींनी अल्पावधीतच नोकरी सोडली. कामाच्या ठिकाणी कोणाची तक्रार नव्हती, असे मानले तरी नोकरी टिकली नाही. निवास, प्रवास आणि स्वच्छतागृह या गोष्टी मनुष्यबळ विभागाच्या कागदांत सहसा शेवटच्या पानावर असतात. दुर्बल घटकांतील कर्मचाऱ्याचे राहणे किंवा जाणे बहुधा त्याच पानावर ठरते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक आस्थापनेने, मग ती सरकारी असो वा खासगी, समान संधी धोरण जाहीर करणे आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवणे बंधनकारक आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवड व प्रशिक्षणाची पद्धत, विशेष रजा, साहाय्यक उपकरणे, अडथळामुक्त वावर आणि संपर्क अधिकाऱ्याची नियुक्ती यांचा उल्लेख धोरणात असावा लागतो. चार टक्के आरक्षण मात्र केवळ सरकारी आस्थापनांना लागू आहे. सेवेत असताना अपंगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, हे संरक्षणही याच अधिनियमात सरकारी नोकरांपुरतेच दिलेले आहे. गुरुग्रामच्या खासगी कंपनीत काम करणाऱ्याची दृष्टी अपघाताने गेली, तर त्याला या कलमाचा आधार मिळत नाही.

राजधानी परिक्षेत्रात आणखी एक गुंता आहे. घर नोएडात, कार्यालय गुरुग्राममध्ये आणि वाट दिल्लीतून, असा दिनक्रम असंख्य लोकांचा आहे. खासगी आस्थापनेविरुद्धची दाद त्या त्या राज्याच्या आयुक्तांकडे मागावी लागते. म्हणजे नियोक्ता एकच असला तरी गुरुग्रामच्या शाखेसाठी हरियाणाचे, तर नोएडाच्या शाखेसाठी उत्तर प्रदेशचे दार ठोठवावे लागते.

महिलांच्या लैंगिक छळाविषयीचा 2013 चा कायदा जिल्हा पातळीपर्यंत उतरतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान दुकाने, कारखाने आणि घरकाम करणाऱ्या महिलांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढू शकते. गोव्यातील एका प्रकरणावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये अंमलबजावणीतील त्रुटींवर बोट ठेवले आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याच प्रकरणात जिल्हा अधिकाऱ्यांच्या नियुक्त्या पूर्ण करण्याचे निर्देश दिले. कायदा होऊन तोवर अकरा वर्षे झाली होती.

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 रोजगारातील भेदभावास मनाई करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगतो. प्रत्यक्षात या तरतुदी बव्हंशी कागदावरच राहिल्या, हे एका तृतीयपंथी शिक्षिकेच्या याचिकेतून पुढे आले. उत्तर प्रदेश आणि गुजरातमधील खासगी शाळांत नोकरी नाकारली गेल्यानंतर तिने न्यायालयाचे दार ठोठावले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली. तृतीयपंथीयांसाठी समान संधी धोरणाचा मसुदा तयार करण्याचे काम दिल्ली उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आले.