मोडलेला सांधा आणि पितळेचा डाख

केडगाव, चौफुला, पाटस ह्या टापूत सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. सकाळची गाडी धरणारा नोकरदार, किटल्या लावून निघालेला गवळी आणि उसाच्या फडावर जाणारा मजूर, तिघांचाही भार ह्याच दोन चाकांनी वाहिला. पुढे मोटारसायकली आल्या. तरी कित्येक घरांच्या पडवीत वडिलांची काळी, दांडीची सायकल अजून उभी असते. चाक, साखळी, सीट बदलता येते. पण सांगाड्याचा सांधा सुटला, की ती भंगारात जाते. वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले हे कारखाने सरकारने १९८० साली एकाच कायद्याने ताब्यात घेतले. पुढे तेही बंद पडले. त्यांचा नवा सांगाडा आता मिळणे नाही. तेव्हा सांधा नीट कसा जोडावा, हे समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम सांधा म्हणजे काय ते पाहू. जुन्या सायकलीच्या पोलादी नळ्या ‘लग’ नावाच्या लोखंडी बाहीत बसविलेल्या असतात. नळी आणि लग यांच्यामधल्या बारीक फटीत वितळलेले पितळ भरलेले असते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे ते त्या फटीत आपोआप ओढले जाते. हाच पितळेचा डाख. कारागीर ह्याला ब्रेझिंग म्हणतात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणून नळी लाल होते, पण वितळत नाही. सगळी खुबी ह्या फरकात आहे.

सांधा तीन कारणांनी मोडतो. कारखान्यात पितळ आतपर्यंत पोचलेले नसले, तर वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी नळी लगमध्ये हलू लागते. हा सांधा पुन्हा भरता येतो. दुसरे कारण, लगच्या काठाशी खुद्द नळीलाच गेलेली चीर. आणि तिसरे, आतून लागलेला गंज. ह्या दोहोंत नळीच बदलावी. चिरेवर पितळ फासणे म्हणजे ढासळत्या भिंतीला चुना लावणे होय. आणि पुढच्या चिमट्याची नळी तडकली असेल, तर चिमटा सरळ नवा घालावा. तो वाटेत तुटला तर स्वार तोंडावर आपटतो.

विजेचे वेल्डिंग दहा मिनिटांत होते, हा मोठा मोह. पण नळीची जाडी जेमतेम मिलिमीटरभर. तिला भोक पडते. लग बिडाचा असेल, तर वितळलेला भाग थंड होताना ठिसूळ होतो. शिवाय जुन्या पितळेवर वेल्डिंग धड धरत नाही.

योग्य रीत अशी. चाके, कप, छर्रे, सगळे काढून ठेवावे; उष्णतेने छर्‍यांचे पाणी उतरते. रंग आणि ग्रीस साफ करावे. शक्य तर नळी बाहेर काढून दोन्ही अंगे कानशीने व पॉलिश कागदाने चकचकीत करावीत. त्याच लगमधल्या शेजारच्या नळीचे पितळही तापून मऊ पडते, म्हणून सांगाडा आधी पट्ट्यांनी जखडावा. बंद नळीत हवा कोंडू नये, म्हणून वाट ठेवावी. मग टाकणखार लावून गॅसच्या ज्योतीने सबंध लग सारखा तापवावा. पितळेची कांडी ज्योतीत न धरता तापल्या लोखंडाला टेकवावी. एका काठाला दिलेले पितळ दुसऱ्या काठाला दिसले, म्हणजे सांधा भरला. पाणी ओतू नये. आपोआप निवू द्यावा. शेवटी मागच्या चाकाच्या एका खाचेपासून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरी ताणावी. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे भरले, तर सांगाडा सरळ.

कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पितळेत जस्त असते. ज्योत फाजील झाली, की त्याचा पांढरा धूर उठतो आणि तो छातीत गेलेल्या कारागिराला काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. चांदीच्या काही जुन्या डाखांत कॅडमियम असे. त्याचा धूर तर जीवघेणा. म्हणून हे काम मोकळ्या हवेत व्हावे. पितळ वाहते पाच मिनिटे. साफसफाई, जखडणी आणि तपासणी ह्यांत अर्धा दिवस जातो. “नुसता डाख तर लावायचा!” म्हणून घासाघीस करणारे गिऱ्हाईक नेमका तोच अर्धा दिवस कापून घेते, आणि मग सांधा पुन्हा सुटतो.

ह्याच केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार मुलींनी छापखाना चालविला. हाताचे काम हीही विद्याच, हा धडा ह्या गावाला नवा नाही. त्या विद्येचा रास्त मोबदला द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.