पहिलं वाक्य डॉक्टरांचं

दहिसरहून चर्चगेटला जाताना बायकांच्या डब्यात दाराशेजारी गर्भपाताच्या जाहिरातीची पट्टी चिकटवलेली असायची. नुकती वाचायला शिकलेली मी ती मोठ्यानं वाचली आणि आईनं मांडीला चिमटा काढला. बायका तो शब्द उच्चारतच नसत. कुणी ‘क्युरेटिंग’ करून यायची, कुणी ‘पिशवी धुऊन’. तेव्हापासून या विषयाचं कात्रण हाती लागलं की मी ठेवून देते.

या पसाऱ्यात माझा लाडका कागद म्हणजे शांतिलाल शाह समितीचा १९६६चा अहवाल. शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. केंद्रानं १९६४मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष. १८६०च्या दंडसंहितेनुसार आईचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपात हा गुन्हाच. मग लपवलेलं मोजायचं कसं? समितीनं हिशेब मांडला: १०० गर्भधारणा, त्यांत ७३ जिवंत जन्म, २ मृत, २५ गर्भपात. या २५पैकी १० आपोआप, १५ केलेले. ५० कोटींच्या देशात केलेले गर्भपात वर्षाला ३९ लाख! अंदाजच तो. पण काडी घालून, मुळ्या खाऊन, सुईणीकडे जाऊन मरणाऱ्या बायका सरकारी कागदावर आल्या त्या याच हिशेबानं.

पुढची पाच वर्षं कंटाळवाणी आहेत, गाळते. १ एप्रिल १९७२ला गर्भपाताचा कायदा लागू झाला. त्याचं तिसरं कलम उघडून पाहा. सुरुवातच अशी, की अमुक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही. वाक्याचा कर्ता डॉक्टर. बाईला हक्क दिलेलाच नाही, डॉक्टरला माफी दिली आहे. झांबियानंही १९७२मध्येच कायदा केला, पण सह्या तीन डॉक्टरांच्या मागितल्या. त्या न मिळालेल्या बाया रक्तस्राव आणि जंतुदोष घेऊन लुसाकाच्या सरकारी रुग्णालयात पोचत राहिल्या.

आमच्याकडे दोन सह्यांवर २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येई. २००८मध्ये दहिसर चेकनाक्यापलीकडच्या भाईंदरची एक बाई ही मुदत उलटल्यावर उच्च न्यायालयात गेली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता. सोबत अर्जदार म्हणून उभे राहिले तिचे डॉक्टर निखिल दातार. ४ ऑगस्टला न्यायालयानं नकार दिला आणि काही दिवसांतच तिचा गर्भ आपोआप पडला. दातार मात्र लढत राहिले. ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मुदत २४ आठवडे व्हायला २०२१ उजाडलं. गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीतला ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आला, तोही तेव्हाच.

दरम्यान बायका गोळ्यांकडे वळल्या होत्या. २०१५मध्ये देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी, असा अंदाज २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेत, योग्य मात्रेत घेतल्या तर या गोळ्या सुरक्षित. घोळ होतो तो दिवस चुकीचे मोजले, अर्धवट पडून आत राहिलं किंवा गर्भ नळीत असला तर. तरीही २०१२नंतर स्त्रीभ्रूणहत्येच्या नावाखाली महाराष्ट्रात औषधदुकानांवर अशी करडी नजर आली, की दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांच्या. सोनोग्राफीत मुलगी दिसते ती त्यानंतर. हा साधा हिशेब कुणी केलाच नाही. शाहांनी नक्की केला असता.

१ जुलै २०२४ला जुन्या दंडसंहितेच्या जागी नवी न्यायसंहिता आली. तिच्या ८८व्या कलमाचं स्पष्टीकरण १८६०चंच आहे: स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली येते.